झुरळं फ्लॅटची नसतात, लाइनीची असतात

मुलुंड पूर्वेला आमची जुनी चार मजली सोसायटी आहे. लिफ्ट नाही, डक्ट (पाइपांसाठी ठेवलेली उभी मोकळी जागा) मात्र हवे तेवढे. सेक्रेटरी म्हणून माझ्याकडे येणाऱ्या तक्रारींत पहिला नंबर पार्किंगचा, दुसरा झुरळांचा. झुरळांची तक्रार ठरलेली असते: "मॅडम, आम्ही मागच्याच महिन्यात पेस्ट कंट्रोल केलं, खालच्यांमुळे परत आली." खालचे म्हणतात, वरच्यांमुळे. दोघांचंही खरं असतं.

१०४, २०४, ३०४, ४०४ ही एकावर एक असलेली घरं एकाच ड्रेनेज पाइपवर असतात आणि त्यांच्या स्वयंपाकघरांच्या खिडक्या एकाच डक्टमध्ये उघडतात. एका घरात फवारा मारला की वाचलेली झुरळं पाइपाभोवतीच्या फटीतून वर-खाली सरकतात आणि वास ओसरला की परत येतात. म्हणून आम्ही काम घराच्या हिशोबाने करत नाही, लाइनीच्या हिशोबाने करतो: लाइनीतली सगळी घरं, त्यांचा डक्ट आणि खालचं सांडपाण्याचं चेंबर, सगळं एकाच दिवशी. एखादं घर बंद असेल तर तारीख पुढे ढकला, पण ते घर वगळू नका. किल्ली कोणाकडे आहे, मालक पुण्याला असतो का, भाडेकरू रात्रपाळीला जातात का, हे आधी विचारून ठेवा. व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर नोटीस टाकून भागत नाही; तिथे होकाराचा अंगठा टाकणारे त्या दिवशी घरी नसतात. फोनच करावा लागतो.

झुरळ कोणतं ते आधी बघा. रात्री ओटा आवरून तासभर झाला की दिवा न लावता आत जा आणि मोबाइलचा टॉर्च सिंकखाली मारा. लहान, फिक्या तपकिरी रंगाचं, मानेमागे दोन काळ्या रेघा असलेलं पळालं तर ते जर्मन झुरळ. ते घरातच राहतं: ट्रॉलीच्या रुळात, बिजागरीत, मिक्सरच्या बुडाखाली, फ्रिजच्या मोटरपाशी. मोठं, लालसर आणि मिशीवालं दिसलं तर ते बहुधा चेंबरमधून नहाणीतून, म्हणजे मोरीतल्या पाणी जायच्या भोकातून, वर येतं. त्याच्यासाठी ओट्याखाली विषारी जेलचे ठिपके लावून काही होत नाही. चेंबरमध्ये औषध मारा, फुटकी झाकणं बदला आणि नहाणीला बारीक जाळी बसवा.

जर्मन झुरळाला जेलच हवं. मसुराच्या डाळीएवढे ठिपके, कोरड्या आणि अंधाऱ्या कोपऱ्यात, भरपूर ठिकाणी. झुरळ ते खाऊन बिळात जाऊन मरतं आणि त्याची विष्ठा किंवा मेलेलं झुरळ खाणारी बाकीचीही मरतात. पण तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंसारखं जेल लावलेल्या संध्याकाळीच बाजारचा स्प्रे मारलात, तर पैसे पाण्यात. स्प्रेच्या वासाने झुरळं त्या जागेला फिरकतच नाहीत, मग जेल खाणार कोण? फिनेलने बिजागऱ्या पुसू नका, हे कामाच्या मावशींनाही सांगून ठेवा.

दुसरी फेरी टाळू नका. जर्मन झुरळाची मादी अंड्यांची पिशवी पोटाशी घेऊन हिंडते आणि एका पिशवीत तीस-चाळीस पिल्लं असतात. पिशवीतल्या अंड्यांना औषध लागत नाही, म्हणून दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा यावंच लागतं. ढेकणांचंही तसंच, तिथे दुसरी फेरी साधारण पंधरा दिवसांनी. शिवाय गाद्यांची शिवण आणि पलंगाचे सांधे उघडून दाखवावे लागतात, आणि ते लाजेने कोणी दाखवत नाही.

कंत्राटदार निवडताना आधी परवाना मागा. कीटकनाशक कायदा १९६८ चा, आणि पेस्ट कंट्रोलच्या धंद्याला त्याखालचा परवाना लागतो. औषधाचं नाव कोटेशनवर लिहून घ्या आणि त्या दिवशी बाटली बघा. लेबलवर रंगीत त्रिकोण असतो: लाल सर्वांत विषारी, मग पिवळा, निळा, हिरवा. 'हर्बल आहे, वासच येत नाही' हे मी फार ऐकलंय. जेललाही वास नसतो. त्यात फिप्रोनिलसारखं कीटकनाशक असतं, तुळस नव्हे. कोणी डायक्लोरव्हॉस नावाचं कीटकनाशक काढलं तर सरळ परत पाठवा, २०२० च्या अखेरीपासून देशात त्यावर बंदी आहे. बंद घरात गोळ्या ठेवून धुरी देण्याचा प्रस्ताव आला तर तोही नको. त्या गोळ्या अॅल्युमिनियम फॉस्फाइडच्या असतात आणि त्यांचा वायू शेजारच्या घरात शिरून माणसं दगावली आहेत.

फवारणी असेल तेव्हा भांडी आणि किराणा झाकून ठेवा, लहान मुलांना आणि पक्ष्यांना दुसरीकडे न्या. ज्यांच्याकडे माशांची टाकी आहे त्यांनी ती झाकून हवेचा पंप बंद ठेवावा, कारण या औषधांपैकी बरीच माशांना झुरळांहून जास्त लागतात.

उंदरांचा प्रश्न विषाने सुटत नाही, सिमेंटने सुटतो. डक्टमध्ये उतरून जिथे जिथे पाइप भिंतीत शिरतो तिथे बघा. दोन सेंटिमीटरच्या फटीतून मोठा उंदीर येतो, पेन्सिल जाईल एवढीतून पिल्लू. तारेची जाळी कोंबून वर सिमेंट लिंपा, नुसता फोम कुरतडला जातो. उभ्या पाइपांना पत्र्याचे शंकू बसवले तर चढणं बंद होतं. इमारतीच्या आत विषाचा केक मी ठेवू देत नाही. तो खाल्लेला उंदीर काही दिवसांनी मरतो, आणि नेमका फॉल्स सीलिंगवर. आठवडाभर वास, आणि फोन मला. आत पिंजरा, केक फक्त बाहेरच्या बिळांपाशी, कुलूपबंद डब्यात, कुत्र्या-मांजरांचं तोंड पोचणार नाही असा. आवारात घुशींची मोठी बिळं असतील तर वॉर्ड ऑफिसच्या कीटकनाशक विभागाला कळवा. १९१६ वरही तक्रार घेतात. पावसाळ्यापूर्वी हे झालंच पाहिजे. २६ जुलै २००५ च्या पुरानंतर मुंबईत लेप्टोचा (लेप्टोस्पायरोसिसचा) ताप पसरला तो उंदरांच्या लघवीने दूषित झालेल्या पाण्यातूनच.

डासांना कंत्राटदार लागत नाही, शिडी लागते. टाक्यांची झाकणं घट्ट बसवा आणि ओव्हरफ्लोच्या पाइपला जाळी लावा. गच्चीवरच्या ताडपत्रीच्या घड्या, फ्रिजमागचा ट्रे, मनी प्लांटची बाटली हे सगळं आठवड्यातून एकदा रिकामं करा, कारण अंड्यापासून डास व्हायला आठ-दहा दिवस पुरतात. पालिकेच्या माणसाला टाकीत अळ्या सापडल्या तर नोटीस सोसायटीच्या नावाने निघते.

खर्चाची वाटणी: डक्ट, चेंबर, टाक्या, जिना सोसायटीचे, घरातलं ज्याचं त्याने. पण लाइनीच्या कामात वेगवेगळे पैसे मागत बसलात तर निम्मे लोक 'आमच्याकडे झुरळं नाहीत' म्हणतील. आम्ही सर्वसाधारण सभेत ठराव करून सगळं वार्षिक करारात घेतलं आणि मेंटेनन्समध्ये वळतं केलं. करारात एक कलम न विसरता घाला: शेवटचा हप्ता दुसऱ्या फेरीनंतरच, आणि प्रत्येक घराची सही असलेला कागद हातात आल्यावर.