जाहिरातीचे पैसे कुठे मुरतात

घरगुती मसाले, फराळ, कोकम-आगळ असलं काही ऑनलाइन विकणाऱ्यांच्या जाहिराती सांभाळणं हे माझं रोजचं काम. नव्याने धंद्यात उतरलेल्यांचे पैसे बहुतेक वेळा एकाच तऱ्हेच्या जागी मुरतात: जिथे आकडा चटकन वाढताना दिसतो तिथे. लाइक वाढले, फॉलोअर वाढले, रीच, म्हणजे पोस्ट किती जणांना दिसली तो आकडा, कुठल्या कुठे गेला. ऑर्डर मात्र मावशीची आणि शेजारच्या काकूंची.

सगळ्यात जास्त पैसा खातं ते फेसबुक-इन्स्टाग्रामवरचं ‘बूस्ट’चं बटण, म्हणजे पैसे भरून आपली पोस्ट जास्त लोकांना दाखवायची सोय. दाबायला सोपं, म्हणून सगळे दाबतात. पण लाइक आणि कमेंट करणारे लोक शोधून दे असं सांगितलं, की ती यंत्रणा इमानेइतबारे तेच शोधून देते. दिसेल त्या पोस्टला अंगठा देणारी माणसं वेगळी आणि पैसे मोजणारी वेगळी. मालवणी मसाल्याच्या एका बूस्ट केलेल्या पोस्टखालच्या कमेंट अशा होत्या: ‘मस्त’, ‘जय महाराष्ट्र’, ‘आजीची आठवण आली’, जोडलेले हात, आणि मध्येच एक ‘किंमत?’. त्याला उत्तर, ‘इनबॉक्स केलंय ताई.’ त्या ताई पुन्हा काही फिरकल्या नाहीत. किंमत, वजन आणि कुरिअरचा खर्च पोस्टवरच लिहा. किंमत सांगत नाहीत म्हणजे महाग असणार, असं गिऱ्हाईक धरूनच चालतं.

जाहिरात द्यायचीच तर ॲड्स मॅनेजर या फेसबुक-इन्स्टाग्रामच्या जाहिराती लावायच्या साधनात जाऊन विक्री किंवा व्हॉट्सॲपवर मेसेज येणं हे उद्दिष्ट निवडा, आणि त्याआधी हिशोब कागदावर मांडा. समजा पाव किलो मसाल्यामागे सगळा खर्च जाऊन 70 रुपये सुटतात. जाहिरातीला 1000 रुपये लावले, वर 18 टक्के जीएसटी, झाले 1180. हे नुसते भरून निघायला 17 पाकिटं जायला हवीत. नफ्याची गोष्ट त्यानंतर. म्हणून एकट्या पाव किलोच्या पाकिटाची जाहिरात मी करूच देत नाही. मसाला, कुळथाचं पीठ, आमसुलं असा एकत्र बॉक्स करा. कुरिअरही एकदाच पडतं.

दुसरं लाडकं साधन व्हॉट्सॲपची ब्रॉडकास्ट लिस्ट, म्हणजे एकच मेसेज एका यादीतल्या सगळ्यांना वेगवेगळा पाठवायची सोय. एका यादीत 256 जण बसतात, आणि ज्यांनी तुमचा नंबर सेव्ह केलेला नाही त्यांच्यापर्यंत तो मेसेज पोचतच नाही. ही गोष्ट ठाऊक नसल्यामुळे लोक ‘दहा हजार नंबरांचा डेटा, अगदी स्वस्तात’ विकणाऱ्याच्या नादी लागतात. पुढे बल्क मेसेजचं सॉफ्टवेअर येतं, वैतागलेली माणसं रिपोर्ट करतात आणि नंबर बंद पडतो. जुनी गिऱ्हाइकं त्याच नंबरवर असतात, ती फुकट जातात. एसएमएसकडे वळाल, तर डीएलटीवर (मोबाइल कंपन्यांच्या नोंदणी पोर्टलवर) नोंदणी केल्याशिवाय जाहिरातीचे एसएमएस पाठवता येत नाहीत. आणि सोसायटीच्या किंवा शाळेच्या ग्रुपवर रोज सकाळी चकलीचा फोटो! सुरुवातीला चार जणी कौतुकाने घेतात, मग ग्रुपच म्यूट होतो. जिन्यात भेटल्यावर सगळे हसून बोलतात, त्यामुळे कळतही नाही.

त्यापेक्षा पार्सलात एक चिठ्ठी घाला. कुडाळकडच्या एक ताई पाकिटावर हाताने लिहितात, ‘बेडगी आणि संकेश्वरी मिरची, डंकावर कुटलेला. नवीन मसाला झाला की कळवेन, नंबर सेव्ह करून ठेवा.’ त्यांची यादी छोटीशी आहे, पण त्यातली माणसं उन्हाळा लागला की स्वतःहून विचारतात. लेबलवर एफएसएसएआयचा (सरकारच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा) 14 अंकी नंबरही ठळक असू द्या. मुंबई-पुण्यातलं अनोळखी गिऱ्हाईक आधी तो बघतं.

विकतचे फॉलोअर घेऊ नका, ते काहीच विकत घेत नाहीत. ‘तीन मैत्रिणींना टॅग करा आणि जिंका’ला येणारी गर्दी फुकटची असते, निकाल लागला की पांगते. भावाबहिणींकडून एकाच आठवड्यात पाच-पाच ताऱ्यांचे रिव्ह्यू लिहून घेतलेत, तर वाचणाऱ्याला ते लगेच कळतं. रीलवाल्यांना पैसे देण्याआधी त्यांचे प्रेक्षक कुठल्या शहरातले आहेत, याचा स्क्रीनशॉट मागा. तुम्ही पाठवता पुण्याला आणि बघणारे भलत्याच राज्यात, असं सर्रास चालतं. देण्याची टाळाटाळ झाली, तर विषय संपला.

‘तुम्हाला गुगलवर पहिल्या नंबरला आणतो, गॅरंटी’ असा फोन प्रत्येकाला येतोच. अशी गॅरंटी कोणीच देऊ शकत नाही, हे गुगलनेच लिहून ठेवलंय. यातली चलाखी अशी, की ते तुमच्या दुकानाचं पूर्ण नाव टाकून पहिला नंबर दाखवतात. ते नाव दुसऱ्या कोणाचं नसेलच, मग पहिले तुम्हीच! ‘मालवणी मसाला ऑनलाइन’ टाकून दाखवा म्हणावं. गुगलवरचं बिझनेस प्रोफाइल फुकट असतं, ते स्वतःच भरा. फोटो, वेळ, फोन नंबर, एवढं तासाभरात होतं.

प्रत्येक नव्या ऑर्डरला ‘आमच्याबद्दल कुठून कळलं?’ एवढं विचारून वहीत टिपून ठेवा. पुढच्या महिन्याचे पैसे कुठे लावायचे ते त्या वहीत बघून ठरवा. जाहिरातीच्या डॅशबोर्डवरचे आकडे त्यानंतर.

आणि दिवाळीच्या तोंडावर नवीन जाहिरात काढू नका. फेसबुक-इन्स्टाग्रामवर जाहिरातीची जागा लिलावाने मिळते आणि त्या दिवसांत बड्या कंपन्या बोली लावत असतात. तेवढ्याच पैशांत तुमची जाहिरात कमी जणांना दिसते, शिवाय कुरिअर तुंबलेलं असतं ते वेगळंच. गणपतीत ज्यांनी मोदकाची पिठी नेली, त्यांनाच दसऱ्याच्या आधी फराळाची यादी दरासकट पाठवा. अमेरिका-दुबईला पार्सल जाणार असेल तर आणखी लवकर, पितृपक्ष संपायच्या आत.