पन्नाशीच्या आसपास मन लागत नसेल, तर या चुका टाळा

मुलगा पुण्यात, मुलगी हैदराबादला. घराचं कर्ज फिटत आलंय. नागपुरात बेसा-मनीषनगरकडच्या फ्लॅटमध्ये संध्याकाळी नवरा-बायको दोघंच, आणि कोणी विचारलं की उत्तर ठरलेलं : "मन लागून नाही राहिलं भाऊ कशात." हे बोलणारी माणसं आळशी नसतात. वीस-पंचवीस वर्षं त्यांनी घर ओढलेलं असतं. मानसशास्त्रज्ञ एरिक एरिक्सन यांनी या वयाचा मुख्य पेच नेमका सांगितला आहे : पुढच्यांसाठी काही घडवायचं, की स्वतःभोवती फिरत साचून जायचं? हा प्रश्न पडणं चांगलंच आहे. अडचण होते ती उत्तराच्या घाईत.

शरीराचं दुखणं मनाच्या नावावर टाकणं

आधी रक्त तपासा. थायरॉइड, साखर, हिमोग्लोबिन, बी-१२, ड जीवनसत्त्व. यातलं काहीही बिघडलं की थकवा येतो, चिडचिड होते, कशात रस वाटत नाही. आपण मात्र त्यालाच 'आयुष्याचा अर्थ हरवला' म्हणून बसतो. बायकांच्या बाबतीत तर हे हमखास घडतं. भारतात पाळी थांबण्याचं सरासरी वय ४६-४७ च्या आसपास आहे, आणि त्याआधीची काही वर्षं झोप मोडते, अंगातून वाफा निघतात, रडू येतं. घरचे म्हणतात, "अवो, तुमाले काय कमी आहे?" कमी काही नसतं, उपचार हवा असतो.

दोन आठवड्यांहून जास्त दिवस रोज उदास वाटत असेल, झोप-भूक गेली असेल, तर हेतू शोधायचं काम बाजूला ठेवा आणि डॉक्टर गाठा. टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे, चोवीस तास चालतो, मराठीत बोलता येतं. जगणं नकोसं वाटत असेल तर आजच फोन करा.

आधी राजीनामा, मग विचार

"सोडतो नोकरी, काटोलच्या वावरात संत्रा लावतो." संत्र्याचं झाड नीट फळावर यायला पाच-सहा वर्षं घेतं, तोवर घर कशावर चालवायचं हे कागदावर मांडलेलं नसतं. खासगी नोकरीतल्या ईपीएस (कर्मचारी पेन्शन योजना) पेन्शनचं गणितही बरेच जण बघत नाहीत. किमान १० वर्षं सेवा लागते, पूर्ण पेन्शन ५८ व्या वर्षी. पन्नाशीनंतर लवकर घेता येते, पण ५८ ला जितकी वर्षं कमी, तितके दर वर्षाचे ४ टक्के कापले जातात.

दीक्षाभूमीच्या गावात राहणाऱ्यांना निर्णय पिकू देणं म्हणजे काय, हे वेगळं सांगायला नको. बाबासाहेबांनी येवल्यात धर्मांतराचा निर्धार जाहीर केला तो १३ ऑक्टोबर १९३५ रोजी, वयाच्या ४४ व्या वर्षी. इथे दीक्षा घेतली १४ ऑक्टोबर १९५६ रोजी. मधली २१ वर्षं त्यांनी धर्मांचा अभ्यास केला, आणि त्याच काळात घटनेच्या मसुदा समितीचं अध्यक्षपदही पेललं. आपला निर्णय त्याच्यापुढे फार लहान आहे. म्हणूनच त्याला निदान एक वर्ष द्यायला हरकत नसावी. सुटीचे दिवस वावरात घालवा, एक उन्हाळा तिथे काढून बघा, मग ठरवा.

एका सोमवारपासून सगळंच बदलणं

पहाटे उठणं, खर्रा बंद, मोबाइल बंद, गोड बंद, ध्यान सुरू. एवढं एकदम कोणालाच झेपत नाही. मोडलं की माणूस स्वतःला कमजोर ठरवतो आणि होतं तेही सोडून देतो. स्वतःवर ताबा मिळवायचा तर एक वेळी एकच गोष्ट घ्या.

खर्रा खात असाल तर सुरुवात तिथूनच करा, असं मी आग्रहानं सांगेन. तंबाखू, सुपारी, चुना घोटून पन्नीत बांधलेला तो खर्रा नागपुरात इतका सवयीचा झालाय, की जेवणानंतर कोणी तो पुढे केला तर नाही म्हणणं लोकांना उद्धटपणा वाटतो. पण तोंड पूर्ण उघडत नसेल, साधी भाजीही झोंबत असेल, तर थांबू नका, दंतवैद्याला दाखवा. सोडताना पहिला आठवडा सर्वांत जड जातो, पुढच्या तीन-चार आठवड्यांत त्रास उतरत जातो. तलफ आली तरी ती काही मिनिटांत ओसरते. तेवढा वेळ पाणी प्या, जागा बदला, बडीशेप चघळा. सुपारी मात्र नको, तीही घातकच आहे. पानठेल्यावरचे मित्र तोडू नका, भेटायची जागा बदला. मदतीसाठी १८००-११२-३५६ हा सरकारी क्रमांक मोफत आहे.

मुलांच्या संसारात काम शोधणं

दिवसातून चार फोन, जेवलास का, पगार किती वाढला, लग्नाचं काय. प्रेम खरं असतं, पण मुलं फोन उचलायला कचरतात आणि आपण जास्त दुखावतो. आठवड्यातले दोन दिवस ठरवून मोकळेपणानं बोला. उरलेला वेळ तुमचा.

हेतू डोक्यात शोधत बसणं

खरी गाठ इथे आहे. शिबिरं होतात, व्हिडिओ बघून होतात, डायऱ्या भरतात, आणि 'माझा हेतू काय' हा प्रश्न तसाच राहतो. स्वतःला त्याऐवजी असं विचारा : मंगळवारी मी गेलो नाही, तर कोणाचं अडेल?

हिंगणा एमआयडीसीत वीस वर्षं लेथवर काढलेल्या माणसाला ड्रॉइंग वाचता येतं. आयटीआयच्या पोरांना नेमकं तेच अवघड जातं. बँकेत काम केलेल्या बाईला वस्तीतल्या बचत गटाचा हिशेब तासाभरात लावून देता येतो. मेडिकलमध्ये, म्हणजे सरकारी मेडिकल कॉलेजच्या रुग्णालयात, छत्तीसगड, मध्य प्रदेशातून पेशंट येतात. कोणती खिडकी, कोणता कागद, हे त्यांच्या नातेवाइकांना कळत नाही. तिथे आठवड्यातून एक सकाळ देणारा माणूस लागतोच. जे तुम्हाला आधीपासून येतं, ते ज्याला हवंय अशा एकाच माणसापर्यंत न्या. वेळ ठरलेली ठेवा, काम लहान ठेवा. संस्था काढू नका, नाव देऊ नका, व्हॉट्सअ‍ॅपवर जाहीर करू नका. तीन महिन्यांनी कोणी तुमची वाट बघत असेल तर पुढे चला, नसेल तर जागा बदला.

एक दिवस चुकला म्हणून सोडून देणं

लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या एका अभ्यासात नवी सवय अंगवळणी पडायला सरासरी ६६ दिवस लागले, पण कोणाला १८, तर कोणाला २५४ असा अंदाज निघाला. मधला एखादा दिवस चुकल्यानं फारसं बिघडलं नाही. तेव्हा '२१ दिवसांत सवय लागलीच पाहिजे' हा हट्ट सोडा.

नागपूरकरांसाठी एक वेगळी सूचना. डिसेंबरात अंबाझरीला किंवा सेमिनरी हिल्सवर सुरू केलेलं फिरणं एप्रिलमध्ये तुटतं, कारण आठ वाजताच ऊन चटके देतं. पारा ४५ च्या पुढे जाणार हे आधीच ठाऊक असतं, तर मार्चमध्येच वेळ पहाटे साडेपाचवर आणा, आणि तेही जमणार नसेल तर मे महिन्यापुरतं घरातल्या घरात काय करायचं ते आताच लिहून ठेवा.