अंदमानात बिऱ्हाड हलवण्यापूर्वी : खान्देशातून येणाऱ्यांसाठी

गेल्या दोन-तीन वर्षांत जळगाव आणि धुळे जिल्ह्यांतील ओळखीच्या मंडळींकडून, आणि त्यांच्याही ओळखीच्यांकडून, मला एकच प्रश्न वारंवार विचारला जातो : साठीची वाट न पाहता नोकरी सोडली आणि अंदमानात येऊन राहिले, तर साध्या माणसाच्या पैशांत भागेल काय? मी स्वतः चोपडा तालुक्यातला. 2015 साली, वयाच्या पंचावन्नाव्या वर्षी, जळगावच्या एका कारखान्यातून स्वेच्छानिवृत्ती घेऊन मी पत्नीसह येथे आलो आणि तेव्हापासून पोर्ट ब्लेअरजवळ गाराचर्मा येथे भाड्याच्या घरात राहतो. सप्टेंबर 2024 मध्ये शहराचे नाव श्री विजयपुरम झाले असले, तरी बोलण्यात अजून जुनेच नाव चालते, म्हणून मीही येथे तेच वापरतो. माझे उत्तर असे आहे की भागते. परंतु ज्याने येथील एक पूर्ण पावसाळा काढलेला नाही, त्याने गावाकडचे घर किंवा शेत विकू नये. बाकी जे लिहितो आहे ते या दुसऱ्या वाक्यासाठीच लिहितो आहे.

आपल्याकडचे बहुतेक लोक अंदमान पाहतात ते जानेवारी ते एप्रिल या काळात. तेव्हा आकाश निरभ्र असते, समुद्र शांत असतो, आणि भुसावळला पारा पंचेचाळिशीकडे चढू लागलेला असताना येथे तो तिशीच्या थोडा वर असतो. अशा दिवसांत आठवडाभर राहून गेलेल्या माणसाला येथेच कायमचे राहावेसे वाटले, तर त्यात नवल नाही. पण मे महिन्यात पाऊस सुरू होतो आणि नैऋत्य व ईशान्य असे दोन्ही मोसमी वारे या बेटांना पाऊस देत असल्यामुळे तो डिसेंबरपर्यंत रेंगाळतो. जळगावला वर्षाकाठी सुमारे 700 मिलिमीटर पाऊस पडतो. येथे तो 3000 मिलिमीटरच्या आसपास पडतो. हा आकडा वाचून काही कळत नाही. तो कळतो स्वयंपाकघरात.

पहिल्या वर्षी आम्ही येताना उन्हाळी कामाचा सगळा साठा बरोबर आणला होता : उडदाचे पापड, ज्वारीचे बिबडे, कुरडया, आणि घरी कुटलेला काळा मसाला. पत्नीने ते सगळे, चोपड्याला ठेवत असू तसेच, पत्र्याच्या डब्यांत कागद घालून भरून ठेवले. जुलैच्या अखेरीस एके दिवशी तिने बिबड्यांचा डबा उघडला, तेव्हा वरचे दोन थर ओल्या कापडासारखे मऊ झालेले होते आणि खाली हिरवट-करडी बुरशी कडेपर्यंत पसरलेली होती. मसाल्याचा गोळा झाला होता. तिच्या हातचे दोन महिन्यांचे काम त्या दिवशी आम्ही परसात पुरले आणि ती संध्याकाळपर्यंत माझ्याशी बोलली नाही. तेव्हापासून आमचा नियम असा आहे की वाळवण थोडे आणायचे, रबराच्या कडीचे घट्ट झाकण असलेल्या बरण्यांत ठेवायचे, मसाला फ्रिजमध्ये ठेवायचा आणि डाळी पंधरा दिवसांपुरत्याच घ्यायच्या. चामड्याचा पट्टा, लग्नातले फोटो, जमिनीची कागदपत्रे आणि गाद्या यांनाही हीच ओल लागते. सातबारा, खरेदीखते आणि विम्याची मूळ कागदपत्रे गावाकडे विश्वासाच्या माणसाजवळ ठेवावीत आणि येथे केवळ प्रती आणाव्यात, असे मी प्रत्येकाला आग्रहाने सांगतो.

खाण्यापिण्याच्या बाबतीत दुसरी समजून घेण्याची गोष्ट म्हणजे बोट. मासळी, नारळ, केळी, सुपारी आणि काही भाज्या येथल्याच असतात, आणि शहीद द्वीप, म्हणजे पूर्वीचे नील बेट, भाजीपाल्यासाठी प्रसिद्ध आहे. परंतु कांदा, बटाटा, डाळी, गहू आणि घरात लागणाऱ्या बहुतेक वस्तू चेन्नई किंवा कोलकात्याहून समुद्रमार्गे येतात. वादळामुळे बोट अडली, की टोमॅटोचा भाव दोन दिवसांत बदलतो. शाकाहारी कुटुंबाचा स्वयंपाकाचा खर्च त्यामुळे जळगावपेक्षा निश्चितच अधिक येतो, आणि जे मासळी खातात त्यांना बेट स्वस्त पडते, हा भेद हिशेब मांडताना लक्षात घ्यावा. रावेर-यावलच्या माणसाला येथे केळी विकत घेताना थोडे जड जाते, पण येथील लहान गोड केळ्यांची लवकरच सवय होते.

भरिताच्या वांग्यांचा प्रयत्न मी तीन वर्षे केला. बामणोदकडचे बी आणले, रोपे जोमाने वाढली, आणि फुलावर येताच एकेक झाड उभ्याउभ्या माना टाकून मेले. हा जिवाणूंमुळे होणारा मर रोग असून या ओल्या, आम्लधर्मी मातीत तो फार आढळतो. येथील केंद्रीय कृषी संशोधन संस्थेने त्याला तोंड देणारे वांग्याचे वाण मुद्दाम तयार केले आहेत. आता मी नवी माती पिशव्यांत भरून, पावसाळा ओसरल्यावर डिसेंबरात रोपे लावतो आणि मार्चपर्यंत वांगी घेतो. पऱ्हाट्या, म्हणजे कपाशीची वाळलेली झाडे, येथे मिळत नाहीत, तेव्हा ती नारळाच्या सोडणांवर भाजावी लागतात. धुराचा वास निराळा येतो, पण भरीत होते.

घर घेण्याची घाई कोणीही करू नये. या बेटांचा ऐंशी टक्क्यांहून अधिक भाग जंगलाखाली आहे, बराच भाग आदिवासींसाठी राखीव आहे, किनाऱ्यालगत बांधकामावर निर्बंध आहेत, आणि जी जमीन विक्रीला दिसते तिचा प्रकार व हस्तांतराच्या अटी आपल्याकडील सातबाऱ्यापेक्षा वेगळ्या कायद्याखाली येतात. स्थानिक वकिलाकडून महसूल कार्यालयातील नोंद तपासून घेतल्याशिवाय इसाराची रक्कमही देऊ नये. भाड्याचे घर पाहताना मात्र तीन गोष्टी स्वतः पाहाव्यात. पहिली म्हणजे उंची. गाराचर्म्याजवळ सिप्पीघाट म्हणून भाग आहे. 26 डिसेंबर 2004 च्या भूकंपात तेथील जमीन खचली, त्सुनामीबरोबर समुद्र आत आला आणि भाताची खाचरे कायमची खाऱ्या पाण्याखाली गेली. ते पाणी आजही रस्त्यावरून दिसते. नव्या माणसाला मी आधी तेथे नेतो आणि मग घरे दाखवतो. हा प्रदेश भूकंपाच्या सर्वाधिक धोक्याच्या पट्ट्यात येतो, त्यामुळे टेकडीवरचे, हलक्या छपराचे बैठे घर मला सखलातल्या बंगल्यापेक्षा अधिक पसंत आहे.

दुसरी गोष्ट पाणी. इतका पाऊस पडूनही उन्हाळ्यात येथे नळाला रोज पाणी येत नाही, कारण शहराची भिस्त मुख्यतः धनीखारी धरणावर असून पावसाचे बरेचसे पाणी उतारावरून समुद्रात जाते. घराला मोठी टाकी आणि छपराचे पाणी साठवण्याची सोय आहे काय, हे मालकाला विचारावे. तिसरी गोष्ट म्हणजे दवाखान्यापर्यंतचे अंतर. स्वराज द्वीप, म्हणजे हॅवलॉक, येथील किनारे पाहून अनेकांना तेथेच राहावेसे वाटते. पण मोठे रुग्णालय पोर्ट ब्लेअरला आहे, मधे दीड-दोन तासांचा समुद्र आहे, आणि खराब हवामानात फेऱ्या रद्द होतात. साठीकडे झुकलेल्या माणसाने मोठ्या बेटावर, शहरापासून अर्ध्या तासाच्या आत राहावे, असे माझे स्पष्ट मत आहे.

आता पैशांविषयी. आम्हा दोघांचा खर्च, घरभाडे धरून आणि गावाकडची ये-जा वगळून, महिन्याला 35 हजारांच्या आसपास जातो. त्यात चैन नाही आणि ओढाताणही नाही. उत्पन्नाची बाजू अशी मांडता येते की, पंचावन्न ते साठ या वयात स्वेच्छानिवृत्ती घेणाऱ्यास निवृत्तीची रक्कम हाती आल्यापासून तीन महिन्यांच्या आत ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत खाते उघडता येते. आमच्या वेळी तेथे 15 लाखांची मर्यादा होती, ती एप्रिल 2023 पासून 30 लाख झाली. 8.2 टक्के दराने 30 लाखांवर दर तिमाहीस 61,500 रुपये व्याज येते. पोस्टाच्या मासिक उत्पन्न योजनेत पती-पत्नीच्या संयुक्त खात्यात 15 लाख ठेवता येतात आणि 7.4 टक्क्यांनी महिन्याला 9,250 रुपये मिळतात. दोन्ही मिळून महिन्याला साधारण 29,750 रुपये होतात, आणि पोस्टाची खाती येथे बदलून घेता येतात. हे दर सरकार वेळोवेळी बदलते व व्याज करपात्र असते, हे धरून चालावे. खाजगी नोकरीतल्यांना भविष्यनिर्वाह निधीची पेन्शन पन्नाशीपासून घेता येते, मात्र अठ्ठावन्नच्या आधीच्या प्रत्येक वर्षासाठी ती 4 टक्क्यांनी कमी होते आणि ती कपात जन्मभराची असते; मी अठ्ठावन्नपर्यंत थांबलो आणि आपणही शक्यतो थांबावे. गावाकडची शेती नफ्याने, म्हणजे खंडाने, दिली असेल, तर ते उत्पन्न या हिशेबात धरूच नये, कारण एका गारपिटीत केळीची बाग झोपते हे आपणास मी सांगायला नको.

आरोग्य विमा नोकरीत असतानाच, स्वतःच्या नावाने काढावा. कारखान्याचा गट विमा नोकरीबरोबर संपतो, आणि आधीपासूनच्या आजारांसाठी नवा विमा जास्तीत जास्त तीन वर्षे थांबायला लावू शकतो; ही तीन वर्षे पगार सुरू असताना सरलेली बरी. येथील गोविंद वल्लभ पंत रुग्णालयात नेहमीच्या आजारांवर उपचार होतात, परंतु गंभीर रुग्णाला चेन्नई किंवा कोलकात्याला न्यावे लागते. त्यासाठी दोन-तीन लाख रुपये, ज्यांना एरवी हात लावायचा नाही असे, वेगळ्या खात्यात ठेवावेत. पावसाळ्यात डेंगू आणि लेप्टोस्पायरोसिस, म्हणजे साचलेल्या दूषित पाण्यातून होणारा ताप, यांपासून सावध राहावे. साचलेल्या पाण्यातून अनवाणी चालण्याची आपली शेतातली सवय येथे सोडावी लागते. मगरींच्या सूचनांचे फलक जेथे लावले आहेत, तेथे पाण्यात पाऊलही टाकू नये.

एक गोष्ट कोणी विचारत नाही, पण मी सांगतो. चौथ्या वर्षी, जुलै महिन्यात, माझे थोरले बंधू अचानक गेले. फोन दुपारी आला, त्यानंतर त्या दिवशी विमान नव्हते. दुसऱ्या दिवशी चेन्नईला पोहोचून, तेथून मुंबई आणि मग रात्रीच्या गाडीने मी चोपड्याला गेलो, तेव्हा तिसरा दिवस उजाडला होता आणि राख सावडणे उरकले होते. वहिनींनी मला एका शब्दाने दोष दिला नाही. ज्यांचे आईवडील हयात आहेत, त्यांनी येथे येण्याचा विचार करताना ही तीन दिवसांची गोष्ट घरात, आईवडिलांच्या समक्ष, मोकळेपणाने बोलावी. आम्ही ती बोललो नव्हतो.

येथली माणसे मात्र परकेपणा जाणवू देत नाहीत. बंगाली, तमिळ, तेलुगू, मलयाळी, रांचीकडचे आणि निकोबारी असे सगळे एकमेकांशी हिंदीत बोलतात, आणि आपली अहिराणी वळणाची हिंदीही त्यात सहज खपते. भारतीय नागरिकास पोर्ट ब्लेअरला राहण्यासाठी परवाना लागत नाही. निकोबारला आणि आदिवासी राखीव क्षेत्रात मात्र तो लागतो. बाराटांग बेटाकडे जाणारा रस्ता जारवा या आदिवासींच्या क्षेत्रातून जातो, तेथे वाहने ठरावीक वेळी ताफ्यानेच सोडतात, आणि जारवांचे छायाचित्र घेणे किंवा त्यांना खाण्याचे पदार्थ देणे हा गुन्हा आहे. गावाकडून आलेल्या पाहुण्यांनाही हे आधीच बजावावे. इंटरनेटची काळजी आता उरलेली नाही, कारण ऑगस्ट 2020 मध्ये चेन्नईहून समुद्राखालची केबल सुरू झाली. घड्याळाची सवय मात्र लावून घ्यावी लागते : वेळ भारतीयच असली, तरी सूर्य जळगावपेक्षा साधारण तासभर आधी उगवतो, आणि डिसेंबरात सायंकाळी पाचच्या सुमारासच अंधारू लागते.

तेव्हा माझी सूचना अशी की, प्रथम येताना मे महिन्याच्या अखेरीस यावे आणि डिसेंबरपर्यंतच भाडेकरार करावा. नंदुरबार, अमळनेर, जळगाव किंवा भुसावळहून नवजीवन एक्सप्रेसने थेट चेन्नईला उतरता येते. तेथून बोटीला अडीच-तीन दिवस लागतात, पण तिचे वेळापत्रक ठरलेले नसते, म्हणून पहिल्या खेपेस विमान बरे. फर्निचर आणू नये, ते येथे मिळते. आपली दादर जातीची ज्वारी मात्र सहजासहजी मिळत नाही, ती आणावी, आणि पीठ न आणता दाणे आणावेत : पिठाला पंधरा दिवसांत जाळी धरते, दाणे कडुनिंबाचा पाला घालून घट्ट डब्यात तीन महिने टिकतात, आणि दळण्यासाठी घरघंटी आमच्याकडे आहे.