‘बघू पुढच्या वर्षी’ म्हणणाऱ्याचा हिशेब : हवामान बदलाचा सल्ला देण्याआधी जोखीम कशी समजून घ्यावी

शिरूर, पुरंदर नाहीतर इंदापूरकडची कुठलीही बैठक घ्या. नवं वाण, ठिबक, शेततळं असं सगळं सांगून होतं, चहा येतो आणि कुणीतरी म्हणतं, “चांगलंय, बघू पुढच्या वर्षी.” सल्ला देणारा वहीत ‘जनजागृतीची गरज’ असं लिहून गाडीला किक मारतो. खरं तर त्या माणसानं हिशेब केलेला असतो, फक्त चारचौघांत बोलून दाखवलेला नसतो. तो हिशेब बाहेर कसा काढायचा आणि त्यात बसेल असा सल्ला कसा द्यायचा, हे इथं सांगितलं आहे. कृषी सहायक, शेतकरी उत्पादक कंपन्यांचे कार्यकर्ते आणि कार्यानुभवासाठी गावात राहणारे कृषी पदवीचे विद्यार्थी यांना ते उपयोगी पडेल.

भीती नेमकी कशाची?

पुणे जिल्ह्यात ‘हवामानाचा धोका’ असा एकच नाही. मुळशी-मावळात घाटाच्या बाजूला काही हजार मिलिमीटर पाऊस पडतो. तिथल्या भातवाल्याला धास्ती असते ती ऑक्टोबरात कापून पडलेल्या भातावर येणाऱ्या सरीची. बारामती-इंदापूरला वर्षाचा पाऊस ५०० मिलिमीटरच्या आसपास, तिथं जीव अडकतो कालव्याच्या आवर्तनात, म्हणजे पाणी सोडण्याच्या पाळीत. जुन्नरच्या द्राक्षवाल्याची झोप उडते ती छाटणीनंतर बाग फुलोऱ्यात असताना येणाऱ्या अवकाळीनं. नारायणगावचा टोमॅटोवाला मात्र पावसापेक्षा भावाला भितो. २०२३ च्या जुलै-ऑगस्टमध्ये टोमॅटो कुठल्या कुठे गेला आणि त्यानंतर कसा आपटला, हे त्यानं पाहिलं आहे. अशा माणसापुढे ‘दुष्काळ सहन करणारं वाण’ ठेवून काय होणार?

उसाचंच बघा. आपण म्हणतो, पाणी खाणारं पीक आहे, कमी करा. पण उसाला एफआरपी, म्हणजे सरकारनं ठरवलेला किमान दर आहे, घेणारा कारखाना ठरलेला आहे, भाव रात्रीत पडत नाही, एखादी वादळी सर आली तर पीक मुळासकट जात नाही. जोखीम टाळणारा माणूसच ऊस लावतो! पाण्याच्या दृष्टीनं तो निर्णय चुकीचा असेल, पण ज्याला पैशाची खात्री हवी त्याच्या लेखी तोच शहाणपणाचा. ‘ऊस सोडा’ म्हणायचं असेल तर उसाऐवजीच्या पिकाला बांधलेला खरेदीदार दाखवा. तो नसेल तर हा विषय काढू नका.

घरचा तळ काढा

शेतकरी सरासरी उत्पन्न वाढवायला निघालेला नसतो; आधी एका पातळीच्या खाली जायचं नाही, हे तो बघतो. तिला आपण ‘तळ’ म्हणू. त्यात तीन गोष्टी येतात : घरच्या भाकरीची ज्वारी-बाजरी, जनावरांचा चारा आणि कर्जाचा हप्ता. चाऱ्याचा आकडा बहुतेक सल्लागार विचारतच नाहीत. दोन गाई, गाईमागे रोज ५ किलो कडबा आणि उन्हाळ्याचे १२० दिवस धरले तर १,२०० किलो कडबा झाला. दूध हा घरचा रोजचा पैसा असेल, तर धान्य कमी आलेलं चालतं, कडबा कमी पडलेला चालत नाही. मालदांडी ही रब्बी ज्वारीची जुनी जात सोडवत नाही याचं निम्मं उत्तर इथं आहे; उरलेलं निम्मं भाकरीत.

तळ भागवायला किती गुंठे लागतात ते वाईट सालाच्या उत्पन्नावर काढा. उरलेल्या जमिनीवरच नव्या गोष्टीची चर्चा करा. काहीच उरत नसेल, तर त्या घराला खर्चाचा कुठलाही सल्ला देऊ नका.

पोत्यांचा खेळ

१९७० च्या दशकात अर्थतज्ज्ञ हान्स बिन्सवाँगर यांनी इक्रिसॅट या कोरडवाहू शेतीवरच्या आंतरराष्ट्रीय संशोधन संस्थेच्या अभ्यासगावांमध्ये खऱ्या पैशांची सोडत लावून शेतकऱ्यांची जोखीम घेण्याची तयारी मोजली. आपल्या शेजारच्या सोलापूर जिल्ह्यातली शिरापूर आणि कळमण ही त्या अभ्यासगावांपैकीच. रक्कम मोठी झाली की बहुतेक लोक मधले पर्याय निवडत आणि श्रीमंत-गरीब असा फरक फारसा पडत नसे. त्याचं घरगुती रूप असं : समजा, चांगलं आणि वाईट साल येण्याची शक्यता सारखीच आहे. मग एकरी उत्पन्नाचे चार पर्याय ठेवा.

अ : साल कसंही असो, ६ पोती.
ब : वाईटात ५, चांगल्यात ९.
क : वाईटात ३, चांगल्यात १२.
ड : वाईटात काहीच नाही, चांगल्यात १५.

‘क’ आणि ‘ड’ची सरासरी साडेसातच, तरी ‘ड’ निवडणारे भेटतात. टोमॅटो पट्ट्यात जरा जास्तच. ‘अ’वाल्याला फक्त नुकसान आवरणाऱ्या गोष्टी सांगा. ‘ब’ आणि ‘क’वाले प्रयोग करतील. ‘ड’वाल्याला ढकलायची गरज नाही, त्याला आवरावं लागतं. तो सगळ्या रानात एकच पीक करतो आणि शेजारी त्याच्याकडे बघून ठरवतात.

हा प्रश्न पारावर विचारू नका. चारचौघांत सगळेच ‘क’च्या पुढचे असतात. घरी, एकेकट्याला विचारा, नवरा-बायकोला वेगवेगळं. जनावरं बाई बघत असेल तर तिचं उत्तर जास्त धरा. शेत वाट्यानं केलेलं असेल तर मालक आणि वाटेकरी दोघांनाही विचारा : पुढच्या वर्षी ते रान आपल्याकडे असेल की नाही हेच माहीत नसताना वाटेकरी बांधबंदिस्तीत घाम कशाला गाळेल?

आणखी एक खोट : उत्तर नुकत्याच गेलेल्या सालावर हलतं. २०२३ च्या कमी पावसानंतर विचारलं तर शेततळं हवं असतं. मे २०२५ मध्ये बारामती-इंदापूर-दौंडला भर उन्हाळ्यात पाणी साचल्यावर त्याच माणसाला चर काढायचा असतो. म्हणून मागची पाच सालं एकेक करून वदवून घ्या.

पाच गुंठ्यांचा प्रयोग

बिनखर्चाचं आधी. जमीन चांगली ओली होईपर्यंत, म्हणजे ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस होईपर्यंत, खरिपाची पेरणी थांबवणं. घरच्या बियाण्याचे १०० दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून उगवण मोजणं. रब्बीच्या रानात पावसाळ्यातच उताराला आडवे वाफे पाडणं. यात ‘अ’वालासुद्धा येतो.

मग वाण. रब्बी ज्वारीचं उदाहरण घेऊ : जमीन मध्यम असेल तर फुले सुचित्रा, हलकी असेल तर फुले अनुराधा. एकरी ४ किलो बियाणं लागतं, तेव्हा ५ गुंठ्यांना अर्धा किलो. काणी या बुरशीच्या रोगासाठी ३०० मेशचं (बारीक) गंधक किलोला ४ ग्रॅम, म्हणजे इथं २ ग्रॅम चोळायचं. पेरणी १५ सप्टेंबर ते १५ ऑक्टोबर, मालदांडीच्या बरोबर त्याच दिवशी. तुकडा बांधाकडेला घेऊ नका. कडेचा एकटा तुकडा आधी निसवला, म्हणजे कणसं बाहेर आली, की पाखरं तिथंच बसतात आणि वाण बदनाम होतं. विहिरीजवळच्या चांगल्या मातीतही नको, कारण मग कुणी विश्वास ठेवत नाही. काढणीला दोन्ही वाणांचा ३३ × ३३ फुटांचा एकेक गुंठा दोरीनं आखून दाणे आणि कडबा वेगवेगळा तोला. मग भाकरी करून बघायला सांगा, ताजी आणि दुसऱ्या दिवशीची शिळी.

सुरुवातीलाच सांगून टाका : सगळं गेलं तर एकराचा आठवा हिस्सा जाईल. कमाल नुकसान आधी कळलं की हो म्हणणं सोपं जातं.

अंदाज आणि विमा

हवामान खात्याच्या भाषेत ‘तुरळक ठिकाणी’ म्हणजे जास्तीत जास्त २५ टक्के ठिकाणी. ऐकणारा मात्र ‘आपल्याकडे येणार’ असंच धरतो आणि पाऊस आला नाही की पुढचे चार अंदाज वाया जातात. म्हणून तो असा सांगा : “चार गावांत फार तर एकात पडेल, आपलं गाव ते असेलच असं नाही. फवारणी एक दिवस थांबवली तर काय बिघडेल?”

पीक विम्यात शेतकऱ्याचा हिस्सा खरिपाला २ टक्के, रब्बीला १.५ आणि नगदी पिकांना ५ टक्क्यांपर्यंत. एक रुपयातला विमा २०२५ च्या खरिपापासून बंद झाला. पीक कापणी प्रयोगावर (निवडक शेतांत पीक कापून, तोलून काढलेल्या उत्पन्नावर) मिळणारी भरपाई महसूल मंडळाच्या, म्हणजे काही गावांच्या गटाच्या, सरासरीवर ठरते. आपलं रान जळालं आणि मंडळ चांगलं आलं तर हाती काही येत नाही. हे हप्ता भरण्याआधी सांगा. जोखीम टाळणाऱ्याच्या दृष्टीनं हप्ता हा वाईट सालातला आणखी एक खर्च ठरू शकतो, त्यामुळे विम्याच्या भरवशावर त्याला तळ भागवणारी जमीन प्रयोगाला लावायला सांगू नका.

प्रयोग फसला तर त्याच आठवड्यात शेतावर जा, फेब्रुवारीच्या मेळाव्याची वाट बघू नका. उगवण, पाऊस, कीड, पाखरं यांपैकी कशानं गेलं ते त्याच्या समोर लिहा आणि कागद त्याच्याकडे ठेवा. दुसऱ्या वर्षीही ५ गुंठेच. तिसऱ्या वर्षी किती वाढवायचं ते त्याला ठरवू द्या.