साबण लावताना तोल जातो तेव्हा

फरशी कोरडी ठणठणीत होती, तरी आई बेसिनपाशी पडली. तोंडाला साबण लावला, डोळे मिटले आणि ती बाजूच्या भिंतीवर कलंडली. खरचटण्यावर निभावलं. तिच्या मधुमेहाला तेव्हा १८ वर्षं झाली होती. "कापसावर चालल्यासारखं वाटतं गं," असं ती महिनाभर म्हणत होती. चप्पल पायातून निसटून दारातच राहायची आणि तिला पत्ताही नसायचा. मी ते सगळं वयावर ढकललं. तुम्ही ढकलू नका.

दिवे गेले तरी आपला घास बरोबर तोंडातच जातो, कारण कुठला अवयव कुठे आहे हे स्नायू आणि सांधे मेंदूला सतत कळवत असतात. तोल सांभाळायला त्यांच्या जोडीला तळपाय, डोळे आणि कानाच्या आतला भाग असतो. सगळ्यांच्या बातम्यांचा मेळ मेंदू घालतो. आईच्या पायांकडून येणारी बातमी मधुमेहाने मंदावली होती. ते काम डोळे करत होते, आणि साबणाने तेही मिटले.

तुमच्या घरात कुणाला असं होत असेल, तर आधी घरी पाहा. दोन भिंतींच्या कोपऱ्यात, कोपऱ्याकडे पाठ करून उभं करा. समोर खुर्चीची पाठ, शेजारी तुम्ही. पाय जुळवून आधी डोळे उघडे, मग मिटून. थोडं डुलणं सगळ्यांचंच होतं. पण उघड्या डोळ्यांनी स्थिर असलेलं माणूस डोळे मिटताच कलत असेल, तर डॉक्टरांकडे न्या. जर्मन डॉक्टर रोम्बर्ग यांच्या नावाची ही चाचणी ते नीट करतील. बी-१२ जीवनसत्त्व कमी पडल्यानेही असं होतं, तेव्हा रक्त तपासायला सांगा, विशेषतः घरी शाकाहार असेल तर. तोल अचानक जाऊ लागला, बोलणं अडखळलं किंवा एक बाजू लुळी वाटली, तर घरी काही करत बसू नका, थेट हॉस्पिटल गाठा.

व्यायामाला आमचा स्वयंपाकाचा ओटा पुरतो. चहाचं आधण ठेवायच्या आधी, गॅस बंद असताना, आई दोन्ही हात ओट्यावर ठेवून उभी राहते. मी आधी तिचे तळपाय पाहते, कारण जखम झाली तरी तिला कळत नाही. मग ती वजन सावकाश टाचांवर नेते, तिथून बोटांवर, उजवीकडे, डावीकडे. "आता वजन कुठंय?" असं मी विचारत राहते. सुरुवातीला ती खाली बघून सांगायची. आता समोरच्या खिडकीकडे बघत सांगते. त्यानंतर एक पाय उचलून १० सेकंद, आणि शेवटी ओट्याच्या कडेने, टाचेला बोटं टेकवत पाच-सहा पावलं. डोळे मिटून कुठलाही व्यायाम करायचा नाही, तो फिजिओथेरपिस्ट समोर असतानाच.

रात्री बाथरूमपर्यंतच्या वाटेवर झिरोचा दिवा हवाच. अंघोळ खुर्चीवर बसून.

आणखी एक गोष्ट फार कामाची: भिंतीला नुसतं बोट टेकलं, भार न देता, तरी डुलणं कमी होतं. शरीर कुठे कलतंय याची बातमी बोटाकडूनही मिळते. म्हणून आई आता साबण एकाच हाताने लावते. दुसऱ्या हाताचं बोट बेसिनशेजारच्या टाइलवर टेकलेलं असतं.