केमेटिक अंत्यविधी कसा ठरवावा

केमेटिक म्हणजे प्राचीन इजिप्तच्या श्रद्धेत देह टिकायला हवा, म्हणून दफनच निवडा आणि तसं लिहून ठेवा. नाहीतर घाईत घरचे दहन ठरवून मोकळे होतात. शवविच्छेदन झालंच तर हृदय देहात परत ठेवायला सांगा, कारण मृत्यूनंतर सत्याची देवी मात हिच्या पिसासमोर तेच तोललं जातं. हृदयाने मृताच्या विरोधात साक्ष देऊ नये म्हणून छातीवर हिरव्या दगडाचा स्कॅरब, म्हणजे भुंग्याच्या आकाराचा ताईत, ठेवतात.

लिननमध्ये गुंडाळा, पण चेहरा मोकळा ठेवा. पेटी बंद होण्याआधी छोट्या वासल्याने ओठांना स्पर्श करायचा असतो. हा मुख उघडण्याचा विधी, त्याशिवाय मृताला नैवेद्य घेता येत नाही. मग पाव, बिअर, पाणी अर्पण करा.

पूर्वी तयारीला ७० दिवस लागत. आज दफन लांबवू नका. त्याऐवजी ७० दिवस रोज मृताचं नाव मोठ्याने उच्चारा.