ऑपरेशनच्या मुलांसाठी गोधडी शिवताय? या चुका टाळा

दुभंगलेले ओठ आणि टाळू यांची मोफत शस्त्रक्रिया करायला डॉक्टरांची पथकं अमेरिकेतून परदेशी निघतात, तेव्हा काहींच्या सामानात गोधड्याही असतात. सॅन फ्रान्सिस्कोच्या रोटरी क्लबने 1992 मध्ये सुरू केलेल्या रोटाप्लास्ट या संस्थेसाठी रोटरीचीच हौशी मंडळी त्या शिवतात. ऑपरेशन झालेलं मूल ती पांघरतं आणि घरी घेऊन जातं. इथल्या अशाच एका गटात मी शिवायला बसते. तिथे केलेल्या आणि पाहिलेल्या या चुका.

सगळ्यात महाग पडतो तो रंग. माझी पहिली गोधडी पांढऱ्यावर लाल पट्ट्यांची होती, कापड न धुता शिवलेली. पहिल्या धुण्यात सगळी गुलाबी झाली. ऑपरेशननंतर तोंडातून लाळ, थोडं रक्त येतंच, त्यामुळे ही गोधडी लगेच धुतली जाणार हे धरूनच चाला. गडद कापड आधी धुवा आणि ओल्या पांढऱ्या फडक्याने घासून बघा. तरीही रंग उतरलाच, तर गोधडी वाळू देऊ नका. ओली असतानाच भरपूर गरम पाण्यात साबण घालून रात्रभर बुडवून ठेवा.

दुसरी चूक खास आपली. आजीच्या गोधडीची आठवण येते आणि आपण जुन्या साड्या काढतो. घरच्या नातवाला त्या मऊपणाची सर कशालाच नाही, पण विरलेलं सूत दगडावर आपटून धुतल्यावर किती टिकणार? इथे नवं सुतीच घ्या. आजीकडून घ्यायचा तो धावदोरा. ती कडेपासून मधोमध बोट-बोट अंतरावर टाके घालत जायची, म्हणून आतले थर कधी सरकले नाहीत. आम्ही मशीनवर चार रेघा मारतो आणि दोन धुण्यांत आतली बॅटिंग, म्हणजे दोन कापडांमधला मऊ भरावाचा थर, गोळा होते. टाक्यांच्या ओळींत जास्तीत जास्त किती अंतर चालेल, ते बॅटिंगच्या पाकिटावर छापलेलं असतं. ते वाचाच. गोळा झालीच तर हाताने पसरवून त्या जागी दाट धावदोरा घाला.

जाड बॅटिंग नको. विमानाची बॅग बहुतेकदा 23 किलोंची, त्यात औषधांनाही जागा हवी.

बटणं, मणी, लोंबत्या गाठी, टिकल्या काही लावू नका. टाळू शिवल्यावर बाळाने तोंडात काही घालू नये म्हणून काही ठिकाणी त्याच्या कोपरांना पट्ट्या बांधतात. आपणच चोखायला बटण कशाला द्यायचं? वासाचा साबण, मांजराचे केस, उदबत्तीचा धूर हेही टाळा.

आणि टाचण्या. सुरुवातीला मोजून 50 घ्या, शेवटी डबीत 50 पडल्या पाहिजेत. 49 भरल्या तर चुंबक फिरवा, टाके उसवा, पण ती सापडेपर्यंत घडी घालू नका.